दोन साडू आणि न बदललेलं तेल

दोन साडूंनी मिळून एक गाडी घ्यायची, ही कल्पना साडूंची नव्हती; त्यांच्या बायकांची होती. थोरली आणि धाकटी या सख्ख्या बहिणी लग्नानंतरही एकाच इमारतीत खाली-वर राहत होत्या. एकमेकींच्या घरातली साखर, छत्री आणि इस्त्री हक्कानं उचलून नेत होत्या. मग गाड्याच तेवढ्या दोन कशाला हव्यात, असा त्यांचा सरळ सवाल. नवऱ्यांनाही विचारलं त्यांनी, नाही असं नाही. पण ते गाडी दारात उभी राहिल्यावर.

थोरलीचे यजमान चष्मेवाले. चौकात त्यांचं चष्म्यांचं छोटंसं दुकान. मोहरीएवढे स्क्रू चिमटीत धरून धरून त्यांचा स्वभावही चिमटीत मावेल एवढाच झाला होता. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवताना "टोचत नाही ना?" असं तीनदा विचारायचे, आणि घरी जेवताना आमटी अळणी असली तरी "छान झालीय" म्हणून गुपचूप मीठ टाकून घ्यायचे. धाकटीचे यजमान याच्या अगदी उलट. ते शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे सगळी इमारत त्यांना मास्तर म्हणायची. मास्तर घरातही फळ्यासमोर उभं असल्यासारखे बोलत. पाणी मागितलं तरी आधी पाण्याचं महत्त्व सांगत.

गाडी निळी, पेट्रोलवर चालणारी, पाच जणांची. सम तारखांना मास्तरांची, विषम तारखांना चष्मेवाल्यांची, रविवारी ज्याला आधी किल्ली सापडेल त्याची. चाळीस हजार किलोमीटर होईपर्यंत गाडी विकणाऱ्या कंपनीची माणसं स्वतःहून फोन करून बोलावत, त्यामुळे इंजिनचं तेल कधी बदलायचं हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. मग ती मुदत संपली, फोन थांबले, आणि तेलाची जबाबदारी दोन साडूंच्या गळ्यात पडली.

एका रविवारी चहाच्या वेळी चष्मेवाल्यांनी गाडीचं माहितीपुस्तक काढलं. त्यात ठळक अक्षरांत होतं की तेल दर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला बदलावं, जे आधी येईल तेव्हा. पण त्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत आणखी एक ओळ होती, आणि बारीक अक्षरं वाचणं हा तर चष्मेवाल्यांचा धंदाच.

"वापर खडतर असल्यास तेल निम्म्या अंतराला बदलावे," त्यांनी वाचून दाखवलं. "म्हणजे मास्तर, पाच हजारांना."

"खडतर म्हणजे काय?" मास्तरांनी भुवई उचलली.

"थोड्या-थोड्या अंतराच्या फेऱ्या, गर्दीत थांबत-थांबत चालवणं, धूळ."

"साडूभाऊ, मला एक सांगा, आपला वापर खडतर आहे का? आपण काय वाळवंट ओलांडतो? खाणीतून दगड वाहतो? मी शाळेत जातो, तुम्ही दुकानात जाता. यात खडतर ते काय? आपलं आयुष्य खडतर आहे का?"

"माझं आहे," धाकटी चहाचे कप गोळा करता करता म्हणाली आणि आत निघून गेली.

मास्तरांनी तिकडे दुर्लक्ष केलं. तेल हे पदार्थ म्हणून कसं टिकाऊ असतं, ते लाखो वर्षं जमिनीखाली पडून होतं तेव्हा कुणी बदललं, चांगलं तेल ओतून देणं म्हणजे निसर्गाशी कृतघ्नपणा, असं सगळं त्यांनी वीस मिनिटं समजावलं. चष्मेवाल्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यात बिस्किट घातलं.

"तर मग दहा हजार. ठरलं?"

"ठरलं," चष्मेवाले म्हणाले.

पण ठरवणं वेगळं आणि मनाला पटणं वेगळं. पाच हजार जवळ येऊ लागले तसा चष्मेवाल्यांना इंजिनचा आवाज ऐकू येऊ लागला. आधीही येत असणारच, पण आता तो त्यांच्याशीच बोलतोय असं वाटे. सिग्नलला गाडी उभी राहिली की इंजिन घसा खाकरल्यासारखं करी. चष्मेवाले डॅशबोर्डवर हात ठेवून "हो हो, कळतंय मला," म्हणत. एकदा शेजारच्या स्कूटरवाल्यानं हे पाहिलं आणि सिग्नल सुटायच्या आधीच स्कूटर पुढे काढली.

शेवटी पंचेचाळीस हजार दोनशे किलोमीटरला, एका विषम तारखेला, चष्मेवाले दुकान बंद ठेवून गाडी गॅरेजात घेऊन गेले. गॅरेजातले मिस्त्री जाडजूड, मितभाषी. मिशीला ग्रीस लागलंय की मिशीच तशी आहे हे कुणाला सांगता यायचं नाही. त्यांनी गाडी उचलून खालचा नट सोडला, आणि काळंभोर तेल भांड्यात पडू लागलं.

"वेळेत आलात," मिस्त्री म्हणाले. गर्दीत चालणाऱ्या गाडीला पाच-सहा हजारच बरोबर, एवढं त्यांनी दोन शब्दांत सांगितलं. मग नवं फिल्टर बसवलं, मधासारखं तेल ओतलं, आणि पुढच्या काचेवर 'पुढचं ऑइल अमुक किलोमीटरला' असं लिहिलेली चिठ्ठी चिकटवायला घेतली.

"चिठ्ठी नको," चष्मेवाले घाईघाईनं म्हणाले.

"लक्षात राहायला बरी असते."

"माझ्या राहील. दुसऱ्या कुणाच्या राहायला नको."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. लोक बायकोपासून काय काय लपवतात हे त्यांनी आयुष्यात खूप पाहिलं होतं. साडूपासून इंजिन ऑइल लपवणारा माणूस पहिलाच.

चष्मेवाले घरी आले ते तरंगतच. इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. कुणाचं मन दुखावलं नाही, गाडीचंही भलं झालं. असं गुपचूप मीठ टाकून घेणं त्यांना आयुष्यभर जमत आलं होतं. आता तेलातही जमलं.

पण मास्तर पडले विज्ञानाचे. दोनच आठवड्यांनी, रविवारी सकाळी, काच धुण्याच्या टाकीत पाणी घालायला म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं आणि सहज म्हणून तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली. चष्मेवाले तेव्हा वर गॅलरीत टॉवेल वाळत घालत होते.

"साडूभाऊ!" खालून आरोळी आली. "धावत या!"

चष्मेवाल्यांच्या हातातला टॉवेल खाली पडला आणि पाठोपाठ तेही जिन्यानं खाली पोहोचले. मास्तर पट्टी उन्हात धरून उभे होते. पट्टीच्या टोकाला तेलाचा थेंब लोंबत होता, सोनेरी, पारदर्शक, त्यातून मास्तरांचा आनंदी डोळा दिसत होता.

"साडेपाच हजार किलोमीटर!" मास्तर म्हणाले. "आणि बघा! जसंच्या तसं! काय म्हणालो होतो मी? खडतर म्हणे!"

त्या क्षणी चष्मेवाल्यांनी सांगून टाकायला हवं होतं. शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. पण मास्तरांचा चेहरा पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोरासारखा फुललेला, आणि हातातली पट्टी बक्षिसासारखी. चष्मेवाले म्हणाले, "छानच आहे की."

झालं. तिथून पुढे सगळं हाताबाहेर गेलं.

मास्तरांचा स्वभाव असा की एखादी गोष्ट घडली एवढ्यानं त्यांचं भागत नसे. ती का घडली हे लागायचं. आठवडाभर विचार करून त्यांनी कारण शोधून काढलं. शाळेतल्या सहकाऱ्याच्या गाडीचं तेल चार हजारांतच डांबर होतं, आणि तो सहकारी तापट. आपल्या गाडीचं तेल साडेपाच हजारांनंतरही मध, आणि आपण दोघं साडू शांत. तेव्हा तेल किलोमीटरनं खराब होत नाही, चालवणाऱ्याच्या स्वभावानं होतं. रागीट माणूस गिअर हिसडतो, ब्रेकवर उभा राहतो, इंजिन ताव खातं आणि तेल काळवंडतं. शांत माणसाचं तेल शांत.

"मग तुमचं कसं शांत राहिलं?" धाकटीनं विचारलं. धाकटी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर लोकांचं रक्त काचेच्या नळ्यांत बघून तिचा आता कशावरच चटकन विश्वास बसत नसे. मास्तर यावर थोडे तापले, पण तापलो हे सिद्धांताला बाधक आहे हे लक्षात येऊन लगेच हसले.

सिद्धांत म्हटला की पुरावे आले. मास्तरांनी शाळेतून टिपकागद आणले आणि इमारतीतल्या प्रत्येक गाडीच्या तेलाचा एकेक थेंब त्यावर घेतला. कागदांवर फ्लॅटचे नंबर घातले आणि खालच्या जिन्यात, पाण्याच्या वेळा लावतात त्या फलकावर टाचून टाकले. येता-जाता जो तो थांबून बघू लागला. दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाईंचा डाग तांबूस, म्हणजे स्वभाव मध्यम. चौथ्या मजल्यावरच्या वकिलांचा डाग इतका काळा की कागदाला भोक पडलंय असं वाटे.

"हा अब्रूचा प्रश्न आहे!" वकील फलकासमोर ओरडले, आणि ओरडल्या ओरडल्या आजूबाजूच्यांच्या नजरा पाहून गप्प झाले.

दुसऱ्या दिवसापासून वकील बदलले. लिफ्टमध्ये लोकांना नमस्कार घालू लागले. फाटकातून गाडी काढताना हॉर्नवर झोपायची त्यांची जुनी सवय. ती सुटली आणि समोरच्याला "आधी तुम्ही" असं हातानं खुणावू लागले. समोरचाही आपला डाग उजळायच्या खटपटीत, तोही "छे छे, आधी तुम्ही." अशा चार-पाच गाड्या फाटकात नाकासमोर नाक लावून अर्धा-अर्धा तास एकमेकींना मान देत उभ्या राहत. इमारतीत इतका गोडवा आणि कामावर जायला इतका उशीर यापूर्वी कधीच झाला नव्हता.

आणि अर्थातच, तेल कुणीच बदलेना. बदललं म्हणजे आपला स्वभाव खराब असल्याची कबुलीच की! दंतवैद्यबाई तर मास्तरांना म्हणाल्या, "मी पंधरा हजार करून दाखवते. माझ्यात संयम आहे. पेशंट खुर्चीत किंचाळतात तरी माझा हात हलत नाही."

हे ऐकताना चष्मेवाले आपल्या चष्म्याची काच पुसत राहिले. आपण मिटलेल्या तोंडानं केवढं खोटं बोललो, आणि त्याच्या पायी दंतवैद्यबाईंच्या इंजिनवर काय वेळ येईल! रोज सकाळी ते ठरवत, आज मास्तरांना सांगायचं. रोज मास्तर भेटत, पाठीवर थाप मारत आणि म्हणत, "साडूभाऊ, निम्मं श्रेय तुमचं हं! विषम तारखांचं!" की चष्मेवाल्यांचं धैर्य चष्म्याच्या वाफेसारखं उडून जाई.

पन्नास हजार किलोमीटर झाले. दहा हजारांची ठरलेली वेळ आली, तर मास्तरांनी जाहीर केलं की आता पंधरा. "या तेलाला हात लावणं म्हणजे प्रयोग मोडणं." चष्मेवाले काय करणार? पुन्हा एका विषम तारखेला दुकान बंद ठेवून गॅरेजात गेले.

मिस्त्री रिकाम्या गॅरेजात स्टुलावर बसले होते. "या," ते म्हणाले. "तुमच्या इमारतीतलं चार महिन्यांत एक गिऱ्हाईक नाही. काय, गाड्या विकल्या का सगळ्यांनी?"

"नाही. स्वभाव सुधारतायत," चष्मेवाले खाली मान घालून म्हणाले.

मिस्त्रींनी उठून बॉनेट उघडलं. पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवून काढली. बोटांत तेल चोळून पाहिलं. मग पट्टी चष्मेवाल्यांसमोर धरली. "हे कशाला बदलताय?"

"म्हणजे?"

"चांगलंय की. फार तर दोन हजार चाललं असेल."

"मिस्त्री, तुम्हीच तर टाकलंत. पाच हजार झाले त्याला."

"मग मला माहीत नाही," मिस्त्री म्हणाले. "पण हे तेल मी काढणार नाही. चांगलं तेल काढायला माझा हात धजत नाही."

चष्मेवाल्यांनी स्वतः पाहिलं. चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. खिशातलं भिंग लावून पाहिलं. तेल सोनेरी होतं, जरासं तपकिरीकडे झुकलेलं, पण सोनेरी. ते मटकन स्टुलावर बसले. या वेळी तर त्यांनी काहीच केलं नव्हतं! कुणाला फसवलं नव्हतं, काही लपवलं नव्हतं. पाच हजार खरोखरचे किलोमीटर, त्याच गर्दीत, त्याच धुळीत. आणि तेल शांत. याचा अर्थ एकच. मास्तर बरोबर होते.

घरी परतताना त्यांना स्वतःविषयी एक नवाच आदर वाटू लागला. आपण भित्रे नाही, शांत आहोत. आपला स्वभाव प्रत्यक्ष इंजिनात उतरलाय! एवढे दिवस ज्याला आपण दुबळेपणा म्हणत होतो ते चक्क एक रसायन निघालं. त्या दिवसापासून ते गाडी अशी चालवू लागले की सायकलवाले त्यांना घंटी मारून पुढे जात. मास्तरांनी आता इमारतीच्या लोकांना रविवारी सकाळी अंगणात जमवून व्याख्यानं द्यायला सुरुवात केली होती. चष्मेवाले त्यांच्या शेजारी उभे राहून टिपकागद धरू लागले. एकदा तर त्यांनी आपणहून चार वाक्यं बोलून टाकली. थोरली गॅलरीतून पाहत होती. तिनं तोंडाला पदर लावला. खालच्यांना वाटलं, गहिवरली.

पंचावन्न हजारांचा दिवस मास्तरांनी समारंभासारखा ठरवला. पंधरा हजार किलोमीटर, एकच तेल. खुर्च्या मांडल्या, टेबलावर पांढरं कापड अंथरलं, निळी गाडी बॉनेट उघडून मधोमध. तज्ज्ञ साक्षीदार हवा म्हणून मास्तरांनी थेट मिस्त्रींनाच बोलावून आणलं होतं. मिस्त्री पहिल्या रांगेत धुतलेला शर्ट घालून बसले होते, आणि मिशी तशीच होती, म्हणजे ती मुळातच तशी असावी.

"मित्रहो," मास्तरांनी सुरुवात केली, "आज आपण पाहणार आहोत की माणसाचं मन आणि यंत्राचं..."

इथं फाटकातून आवाज आला. डब्यात चमचे घालून कुणी तो डबा जिन्यावरून सोडून द्यावा, तसला. दंतवैद्यबाईंची पांढरी गाडी आत येत होती. बाई काचेतून सगळ्यांकडे बघून विजयी हात हलवत होत्या.

"पंधरा हजार!" काच खाली करून त्या ओरडल्या. "मीही केले! तो लाल दिवा लागलाय सकाळपासून, पण मी मन अजिबात विचलित होऊ दिलं नाही!"

मिस्त्री खुर्चीतून असे उठले की खुर्ची मागे उलटली. एवढ्या चपळाईनं त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. "बंद करा! किल्ली फिरवा! आधी बंद करा!" करत त्यांनी खिडकीतून हात घालून स्वतःच इंजिन बंद केलं. बॉनेट उघडलं, पट्टी काढली. पट्टीच्या अगदी टोकाला काळ्या लापशीसारखं काहीतरी चिकटलं होतं आणि बाकी पट्टी कोरडी ठणठणीत. आणखी दोन-चार किलोमीटर चालवली असती तर इंजिन कायमचं बसलं असतं, असं मिस्त्री म्हणाले. दंतवैद्यबाईंचा संयम तिथं संपला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग माझा स्वभाव इतका वाईट आहे?" त्या म्हणाल्या.

ते वाक्य चष्मेवाल्यांना सहन झालं नाही. हातातला टिपकागद त्यांनी टेबलावर ठेवला.

"बाई, तुमच्या स्वभावाला काही झालेलं नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा मऊच होता, पण अंगणात इतकी शांतता की तो शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. "मास्तर, मला माफ करा. मी तेल बदललं होतं. गुपचूप. पंचेचाळीस हजार दोनशेला. मिस्त्रींना विचारा."

मिस्त्रींनी मान डोलावली. "चिठ्ठी नको म्हणाले होते."

मास्तरांनी मिस्त्रींकडे पाहिलं, चष्मेवाल्यांकडे पाहिलं. मग त्यांच्यातला विज्ञानशिक्षक जागा झाला. "पण थांबा," ते म्हणाले. "त्यालाही आता जवळपास दहा हजार होत आले. आणि आजचं तेल? मी सकाळी पाहिलंय. ते अजून चांगलं आहे. ते कसं?"

"तेच तर!" चष्मेवाले उत्साहानं म्हणाले. "तेच सांगतोय, सिद्धांत खरा आहे! त्यानंतर मी बोटसुद्धा लावलेलं नाही."

"मी लावलं," मागच्या रांगेतून धाकटी म्हणाली.

सगळ्या माना मागे वळल्या. धाकटी हातातली पिशवी मांडीवर नीट ठेवून उभी राहिली. "आमच्या प्रयोगशाळेशेजारी एक गॅरेज आहे. फलकावर डाग लागल्यापासून दर चार महिन्यांनी, यांच्या शाळेला सुट्टी असलेल्या एखाद्या सम तारखेला मी गाडी कामावर नेते आणि जेवणाच्या सुट्टीत तिथं देते. तारीख बघते, बाकी काही नाही. एकदा अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास, एकदा बावन्न."

"मला सांगितलं का नाहीस?" मास्तरांचा आवाज बारीक झाला होता.

"सांगितलं असतं तर तुम्ही तीन दिवस शिकवलं असतं. बदलून आणायला पाऊण तास लागतो."

मास्तरांनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं, मग वर गॅलरीकडे. "ताई, तुम्हीसुद्धा?"

"छे बाई, मी कशाला?" थोरली कठड्यावर रेलून म्हणाली. "हिनं मला सांगितलं होतं. आणि यांच्या बाहीला तेलाचा डाग होता, तेव्हा यांचंही कळलं. मी फक्त बघत होते. इतकी मजा मला बऱ्याच दिवसांत आली नव्हती."

तेव्हा कुठे चष्मेवाल्यांच्या लक्षात आलं की या सगळ्या प्रकरणात एकच माणूस पहिल्यापासून खरं बोलत होता, आणि नेमका तोच चुकत होता. मास्तर खाली मान घालून पांढऱ्या कापडाची घडी करत होते. घडी जमत नव्हती. चष्मेवाले पुढे झाले आणि त्यांनी कापडाचं दुसरं टोक धरलं.

"तुम्ही तरी सांगायचं होतंत, साडूभाऊ," मास्तर हळूच म्हणाले. "मी ऐकलं नसतं. पण तुम्ही सांगायचं होतंत."

"हो," चष्मेवाले म्हणाले. "टोचलं असतं तुम्हाला, म्हणून नाही सांगितलं."

"आता काय गुदगुल्या होतायत?"

यावर पहिल्यांदा मिस्त्री हसले. मिस्त्री हसतात हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे आधी सगळे दचकले आणि मग अंगणभर हशा उसळला. मास्तरांनाही शेवटी हसू आवरेना.

दंतवैद्यबाईंची गाडी दोरी बांधून गॅरेजात नेली. आतून जे निघालं त्याला मिस्त्रींनी तेल म्हणायचं नाकारलं. पण इंजिन थोडक्यात वाचलं. मास्तरांनी त्याच संध्याकाळी फलकावरचे डाग स्वतः काढले आणि तिथं आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं: 'माझी चूक झाली. प्रत्येकानं आपापल्या मिस्त्रींना विचारावं.' अशी सूचना त्या फलकावर पूर्वी कधी लागली नव्हती, आणि लोक ती येता-जाता आदरानं वाचत. वकील मात्र दुसऱ्या दिवसापासून पुन्हा हॉर्नवर झोपू लागले. फाटक मोकळं झालं.

निळ्या गाडीचं तेल आता पाच हजारांना बदलतात. दोघं साडू बरोबर जातात आणि काळी धार पडताना शेजारी-शेजारी उभे राहून बघतात. मास्तर त्यावर काही सिद्धांत मांडत नाहीत. निदान गॅरेजात तरी नाही.

चष्मेवाल्यांना मात्र त्या दिवसापासून एक वेगळंच वेड लागलं. अंगणात चारचौघांत खरं बोललो, आकाश कोसळलं नाही, उलट रात्री गाढ झोप लागली. याची त्यांना चटकच लागली. दुकानात एका गिऱ्हाइकाला त्यांनी सांगून टाकलं की ही फ्रेम तुम्हाला मुळीच शोभत नाही. गिऱ्हाइकानं आरशात पाहिलं, सुस्कारा सोडला आणि दुसरी फ्रेम घेतली. मग एका दुपारी, पुढच्या खोलीत थोरली कपड्यांच्या घड्या घालत बसलेली असताना, ते खुर्चीवरून उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "एक सांगू का? हे तपकिरी पडदे मला अजिबात आवडत नाहीत. अकरा वर्षं झाली. खोलीत बसलं की कपाटात बसल्यासारखं वाटतं."

थोरली घडी घालायची थांबली. "अहो, मग घेताना छान आहेत असं का म्हणालात?"

"तुला आवडले म्हणून."

"मला?" थोरली म्हणाली. "दुकानात तुम्ही त्यांच्यावरून दोनदा हात फिरवलात. मला वाटलं, मनात भरलेत. मला तर बघताक्षणी नको झाले होते."

मग चष्मेवाले आतून स्टूल घेऊन आले, थोरलीनं ते खालून घट्ट धरलं, आणि त्यांनी एकेक हूक काढत दोन्ही पडदे खाली उतरवले.